तेरेखोलला जायचं राहिलं!

मुलांनो, सुट्टीत तुम्ही कुठे कुठे जाता? मामाच्या गावाला, महाबळेश्वरला, फार तर गोव्याला. हो ना? बसमध्ये बसायचं, खिडकीतून झाडं पळताना बघायची आणि उतरल्यावर आधी विचारायचं, "आई, खायला काय आहे?" मीही अशीच प्रवास करत आले. पण 2023 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक वेगळाच प्रवास केला. पायी! तोही आमच्याच जिल्ह्यात.

आम्ही सिंधुदुर्गातले, मालवण तालुक्यातले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात एकदा मी विचारलं, "जंगली प्राणी कोणकोणते पाहिलेत?" उत्तरं धडाधड आली. सिंह, जिराफ, पाणघोडा, कांगारू! सगळे टीव्हीवर पाहिलेले. मग मी विचारलं, "आपल्या समुद्रात काय काय आहे?" एक मुलगा म्हणाला, "बांगडो!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी येताना मनात आलं, मला तरी बांगड्यापलीकडे काय ठाऊक आहे? आपल्या जिल्ह्याचा किनारा 121 किलोमीटर लांब, असं मी मुलांकडून पाठ करून घेते. त्यातला मी स्वतः पाहिलाय किती? मालवण, तारकर्ली आणि एकदा कुणकेश्वरची जत्रा. संपलं!

घरी विषय काढला. उत्तरेला विजयदुर्गापासून निघायचं आणि दक्षिणेला गोव्याच्या सीमेवर, तेरेखोलच्या खाडीपर्यंत चालत जायचं. भाऊबीज झाली की दोन दिवसांनी सुरुवात. शाळा सुरू व्हायच्या आत परत. मी, माझे यजमान, सहावीतली लेक आणि डोंबिवलीहून सुट्टीला आलेला चौथीतला भाचा, असे चौघं. सासूबाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चलत? येष्टी बंद पडली काय गो?"

पाठीवर घर

चालत जायचं तर सगळं पाठीवर घ्यावं लागतं. दोन छोटे तंबू, एक ताडपत्री, पातळ चादरी, लहानसा गॅसचा स्टोव्ह, एक टोप, चार ताटल्या. प्रत्येकाकडे पाण्याच्या दोन बाटल्या. खायला तांदूळ, कांदे, लसूण, सोलं, गूळ आणि कुळथाचं पीठ. मुंबईच्या मुलांनो, कुळथाची पिठी तुम्हाला माहीत आहे का? पाण्यात पीठ कालवायचं, कांदा-लसणाच्या फोडणीत ओतायचं, दोन सोलं टाकायची आणि उकळायचं. दहा मिनिटांत तयार! दिवसभर चालून आल्यावर गरम भात आणि पिठी याहून चांगलं जेवण जगात नाही. भाच्यानं पहिल्या रात्री नाक मुरडलं, तिसऱ्या रात्री तो टोप चाटत होता.

लेकीनं स्वतःसाठी एक वेगळी वस्तू घेतली होती, जिल्ह्याचा नकाशा आणि लाल पेन. रोज रात्री तंबूत बसून ती त्या दिवशी चाललो तेवढी रेघ किनाऱ्यावरून ओढायची. विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंत अखंड लाल रेघ काढायची आणि तो नकाशा शाळेत लावायचा, असं तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. हा नकाशा लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

17 नोव्हेंबरला सकाळी विजयदुर्ग किल्ल्याच्या दारातून आम्ही पाऊल टाकलं. पहिला मुक्काम पडवण्याला, दुसरा देवगडला. संध्याकाळ झाली की आधी गावात जायचं, सरपंच किंवा पोलीस पाटील यांना विचारायचं आणि मगच तंबू ठोकायचा, असा आमचा नेम होता. पण खरं सांगू? निम्म्या वेळा तंबू उघडावाच लागला नाही. "पोरांका घेवन उघड्यार निजतास? शाळेची पडवी आसा ना!" असं म्हणून लोक किल्ली आणून द्यायचे. एका ठिकाणी देवळाच्या सभामंडपात झोपलो. पहाटे पुजारीबुवांच्या घंटेनं जाग आली, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, हा गजर बंद कुठून करायचा?"

पाहिलं नव्हतं ते

चालायला लागलं की डोळे उघडतात, बरं का! गाडीतून जाताना वाळू म्हणजे नुसती वाळू. पायी जाताना तिच्यावर रांगोळ्या दिसतात. भरती ओसरली की मोहरीहून थोड्या मोठ्या हजारो गोळ्या वाळूवर पसरलेल्या असतात आणि मधोमध एक भोक. हे काम एका इवल्याशा कुर्लीचं. ती वाळू तोंडात घेते, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवते. सहा तासांनी भरती येते, रांगोळी पुसून टाकते आणि कुर्ली पुन्हा पहिल्यापासून सुरू! माझ्या वर्गात फळा पुसल्यावर कुरकुर करणाऱ्या मुलांना मी हल्ली हीच गोष्ट सांगते.

कुणकेश्वर, तांबळडेग, आचरा करत आम्ही तोंडवळीला पोहोचलो. पुढे तळाशीलला जमीन इतकी चिंचोळी होते, की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. तिथून होडीनं सर्जेकोटला गेलो आणि मालवणात शिरलो. मालवणच्या समोर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात तो बांधून घेतला, हे तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. पण त्याच्या आजूबाजूच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत आणि 1987 साली इथला सुमारे 29 चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, हे पुस्तकात नसतं. वर महाराजांचा किल्ला आणि खाली प्रवाळांचा!

तारकर्लीला रापण ओढायला मिळाली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर धरून माणसं 'हैसो, हैसो' करत ओढतात. जो हात लावील त्याला वाटा, अशी रीत आहे. माझ्या भाच्यानं तळहात लाल होईपर्यंत दोर ओढला आणि त्याला वाट्याचे चार बांगडे मिळाले. "आत्या, ही माझी पहिली कमाई!" त्या रात्री पिठीला सुट्टी होती, हे सांगायला नकोच.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. होडीतून पलीकडे भोगव्याला जाताना होडीवाल्या मामांनी एकदम यंत्र बंद केलं आणि बोट दाखवलं. पाण्यातून एक करडी पाठ वर आली. फुस्स! आणि खाली. मग दुसरी. मग एक छोटी, आईच्या अगदी बगलेला. डॉल्फिन! पाठीवर उंचवटा असलेले हे डॉल्फिन किनाऱ्याजवळच वावरतात. ते मासे नव्हेत, आपल्यासारखेच सस्तन प्राणी. बाळाला दूध पाजतात आणि श्वास घ्यायला वर येतात. 'फुस्स' हा आवाज त्यांच्या उच्छ्वासाचा. होडीत कोणी बोललं नाही. बडबड्या भाच्यानंही नाही.

निवतीच्या कड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पाहिला. पंख न हलवता तो वाऱ्यावर नुसता टांगल्यासारखा उभा होता. रात्री समुद्रात दूर दिवा लुकलुकत होता. ते वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह. त्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या राहतात. त्या आपल्या लाळेनं घरटी बांधतात आणि ती भिंतीला चिकटवतात! लेकीनं त्या दिव्याकडे बघत नकाशावर रेघ ओढली. निम्म्याहून बरीच जास्त झाली होती.

माझी चूक

23 नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी. खवणे, केळूस करत आम्ही संध्याकाळी वायंगणीला पोहोचलो. किनाऱ्यावर एक वयस्कर काका भेटले. वनखात्याबरोबर कासवांच्या राखणीचं काम करणारे. त्यांनी आमचं सामान बघितलं आणि विचारलं, "तंबू खंय घालतलास?" मी वाळूकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "हयसर नको. हंगाम सुरू झालो. कासवीण रातची येता. सुरूच्या पाठी जावा. आग पेटवू नका आणि लाईट लावू नका."

मग त्यांनी मुलांना समजावून सांगितलं. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं आयुष्यभर समुद्रात राहतात. नर तर जन्मल्यावर सहसा पुन्हा जमिनीवर येतच नाही. मादी येते, ती फक्त अंडी घालायला. आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. भरतीच्या रेषेच्या वर ती मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, मडक्यासारखा खड्डा खणते, शंभरावर अंडी घालते, वाळू ढकलून खड्डा बुजवते, अंगानं थोपटून सपाट करते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही बघत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, पण ते रडणं नव्हे, अंगातलं जादा मीठ ती तसं बाहेर टाकते. उजेड दिसला किंवा माणसाची चाहूल लागली, तर ती आल्या पावली परत फिरते.

मी सगळं ऐकलं. वर मुलांना बजावलं, "ऐकलंत ना काका काय म्हणाले? बॅटरीला कोणी हात लावायचा नाही!" शिक्षिकाच मी. सूचना देणं हे माझं रोजचं काम.

रात्री साडेबारा वाजले असतील. भाच्यानं मला हलवलं. "आत्या, बाहेर जायचंय." मी अर्धवट झोपेत उठले. बाहेर चांदणं होतं, पण सुरूखाली अंधार. पायाखाली काही असेल म्हणून मी उशाची बॅटरी घेतली आणि सवयीनं बटण दाबलं. मोठी बॅटरी होती ती. झोत सुरूच्या खोडांमधून सरळ वाळूवर गेला. तिथे एक काळा दगड होता. संध्याकाळी नव्हता. आणि तो दगड हलत होता!

"अगं बाई!" मी ओरडलेच.

दगड थांबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो हळूहळू वळला आणि पाण्याकडे निघाला. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून काका धावत आले. "बाई, लाईट बंद करा आधी!"

मी बंद केली. पण तोवर उशीर झाला होता. लाटेचा पांढरा फेस तिच्या पाठीवरून गेला आणि ती दिसेनाशी झाली. वाळूवर राहिली फक्त तिची वाट, ट्रॅक्टरच्या चाकासारखी. समुद्रातून वर आलेली, गोल फिरलेली आणि परत गेलेली.

मुलांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? कुठून कुठून पोहत आली असेल ती! 2023 सालीच गुहागरच्या किनाऱ्यावरून पाठीवर यंत्र बसवून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. आणि उलटही घडतं. 2021 साली ओडिशात खूण केलेली एक मादी 2025 साली गुहागरला अंडी घालताना सापडली. आठवडाभर चाललो म्हणून आम्ही स्वतःला मोठे प्रवासी समजत होतो. खरी प्रवासी ती. आणि तिच्या मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर मी तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

भाचा रडायला लागला. "माझ्यामुळे झालं." मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, "नाही रे. तू मला उठवलंस, ते बरोबरच केलंस. बटण मी दाबलं."

काका रागावतील असं वाटलं होतं. ते वाळूवर बसले आणि म्हणाले, "तिका अंडी घालूचीच आसत. आज नाय तर उद्या येतली. पण खंय येतली, ता आपल्याक कसा कळतला?"

तेरेखोल की कासवीण?

सकाळी चहा घेताना प्रश्न उभा राहिला. हिशेब अगदी नेमका होता. आज निघालो तर वेंगुर्ला, मग शिरोडा, रेडी, तेरेखोल आणि शाळा उघडायच्या आत घरी. एक दिवस थांबलो तर तेरेखोल होणार नाही. यजमान म्हणाले, "थांबून करणार काय? ती इथेच येईल असं थोडंच आहे!" खरंच होतं ते. भाचा मान खाली घालून बसला होता. मी लेकीकडे पाहिलं. तिच्या मांडीवर नकाशा होता. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

बराच वेळ ती बोटानं वायंगणीच्या खालचा किनारा चाचपत होती. मग तिनं पेनाला टोपण लावलं. म्हणाली, "तेरेखोल कुठे पळून जातंय?"

आम्ही थांबलो. दिवसभर काकांबरोबर किनारा पालथा घातला. प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे असा सगळा कचरा पोत्यात भरला. अशा जाळ्यांच्या तुकड्यांत कासवं अडकून मरतात. काकांनी कोल्ह्याची पावलं दाखवली. त्याला अंड्यांचा वास बरोबर येतो. पूर्वी माणसंही अंडी काढून खायची. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवाला सगळ्यांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. पण नुसत्या कायद्यानं भागत नाही, गावाच्या मनात यावं लागतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं. आज आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत लोक थंडीच्या रात्री कासवांसाठी जागतात.

त्या रात्री बॅटरी पिशवीच्या तळाशी, टोपाच्या आत होती. बाराएकपर्यंत आम्ही सगळे सुरूखाली गप्प बसून राहिलो. काही आलं नाही. डोळे मिटू लागले. पहाटे चारच्या सुमाराला काकांचा आवाज आला, "बाई, उठा. इली आणि गेली."

आमच्यापासून दोन-अडीचशे पावलांवर, दक्षिणेकडे, वाळूवर तीच चाकासारखी वाट. या वेळी ती अर्धवट वळलेली नव्हती. वर आलेली, थोपटलेल्या सपाट जागेशी थांबलेली आणि मग परत गेलेली. कासवीण आम्हाला दिसली नाही ती नाहीच. काकांनी काठीनं जागा चाचपली आणि हातांनी वाळू उपसली. आत पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी अंडी! भरतीचं पाणी आणि कोल्हे यांच्या भीतीनं ती कुंपण घातलेल्या जागेत हलवायची होती. बादलीत तिथलीच वाळू घालून काकांनी एकेक अंडं न फिरवता, अलगद उचलून ठेवलं. मोजायचं काम मुलांचं. एकशे बारा! कुंपणात तेवढाच खोल, तसाच मडक्यासारखा खड्डा खणून ती पुन्हा पुरली.

"काका, ही कालचीच होती का?" भाच्यानं विचारलं.

काका हसले. "तिणा काय नाव लिवन ठेवल्यान नाय."

पन्नासाव्या दिवशी

शाळा उघडल्यावर मी वर्गात सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग तुम्ही तिला सॉरी म्हटलंत?" मला उत्तर सुचलं नाही.

अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त होतात, कमी उबदार असेल तर नर. 14 जानेवारीला, रविवारी सकाळी, काकांचा निरोप आला. लेकीला घेऊन मी मिळेल त्या एस.टी.नं वायंगणीला धावले. संध्याकाळी काकांनी टोपली उचलली. वाळू उकळत असल्यासारखी हलत होती. इवलीशी, काळी, लेकीच्या तळहातावर मावतील एवढी पिल्लं! त्यांना पाण्यात सोडायचं नाही, पाण्यापासून थोडं दूर वाळूवर ठेवायचं. चालत त्यांची तीच जातात. रात्री निघाली तर समुद्रावरच्या उजळ क्षितिजाकडे जातात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे असले तर फसून उलटीकडे चालतात.

एक पिल्लू पुन्हा पुन्हा लाटेनं मागे फेकलं जात होतं. लेक पुढे झाली, पण तिनं हात लावला नाही. चौथ्या लाटेनं ते गेलं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. त्यातली मादी असेल, तर बारा-पंधरा वर्षांनी ती याच बाजूच्या किनाऱ्यावर परत येईल. तेव्हा माझी लेक तरुण झालेली असेल.

मी पाण्याजवळ गेले आणि, हसू नका हं, खरंच 'सॉरी' म्हटलं.

मुलांनो, तुम्हीही आपल्या जिल्ह्यात असं चालून बघा. घरची मोठी माणसं बरोबर घ्या, मुक्कामाआधी गावाला विचारा, नेलेला कचरा परत आणा. आणि रात्री समुद्रावर बॅटरी लावण्याआधी माझी आठवण काढा!

लेकीचा नकाशा आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे. लाल रेघ वायंगणीला थांबते. खालचा टीचभर किनारा अजून कोरा आहे. मुलं विचारतात, "बाई, हे का राहिलं?" मग ती गोष्ट मला पहिल्यापासून सांगावी लागते.